भिजत घोंगडं: केनेथ मेलनबीचं ‘ह्यूमन गिनी पिग्ज’ वाचताना

मागच्या भागात आपण या पुस्तकावर बोललो तेव्हा मला मध्येच विचारलं गेलं, “पण तुला या विषयात एवढा रस कसा काय?” मी काहीतरी गोल गोल उत्तर दिलं. भाग ऐकला असेल तर आठवेल, तिथे दोन सेकंद नुसती शांतता आहे. संपादनात ती कापायची राहून गेली. खरं उत्तर इथे देते. मला खरूज झाली होती.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, आणि आत्ताही “झाली होती”वर मी जरा जास्तच जोर दिला असेल. कोविड झाला होता हे आपण सहज सांगतो. डेंग्यू झाला होता हे तर जवळजवळ बढाईने सांगतो. खरूज मात्र सांगत नाही. मेलनबीच्या या छोट्या पुस्तकाकडे मी परत परत जाते ते याच कारणाने. खरूज कशी पसरते हे त्याने इतकं नीट दाखवून दिलं की ऐंशी वर्षांत त्यात मूलभूत बदल करावा लागलेला नाही. पण ती का सांगितली जात नाही, याकडे त्याने पाहिलंच नाही.

आधी पुस्तकाविषयी. ‘ह्यूमन गिनी पिग्ज’ १९४५ साली लंडनला गोलांझ प्रकाशनाने काढलं. केनेथ मेलनबी हा कीटकशास्त्रज्ञ, १९४० मध्ये वयाने बत्तिशीतला. युद्ध सुरू झालेलं, ब्रिटनमध्ये खरूज वाढत चाललेली, लष्करात तर डोकेदुखीच झालेली. १९४१ मध्ये सरकारने चक्क खरजेसाठी एक कायदेशीर हुकूम काढला, ज्यात लोकांची तपासणी आणि सक्तीचे उपचार करण्याचे अधिकार होते. सगळ्यांची पक्की समजूत अशी की खरूज पसरते ती ब्लँकेटांतून, कपड्यांतून, चादरींतून. म्हणून माणसापेक्षा त्याच्या ब्लँकेटची काळजी जास्त. गाड्या भरभरून कपडे भट्टीत घालून निर्जंतुक करायचे, त्यासाठी माणसं, इंधन, वेळ, सगळं ऐन युद्धात.

मेलनबीने एक साधा प्रश्न विचारला: हे खरं आहे का, कुणी तपासलंय का?

तपासायला माणसं हवीत, आणि माणसं मिळाली ती युद्धाला नैतिक विरोध करणाऱ्यांमधून. शेफिल्डमध्ये काही शांततावादी तरुण होते, लढायला नकार दिलेले. नकार दिला म्हणजे भित्रे नव्हे हे कुठेतरी दाखवायची त्यांनाही गरज होती. सुरुवातीला डझनभर जण. शहरातल्या एका मोठ्या घरात त्यांना एकत्र ठेवलं, त्याला नाव दिलं सॉर्बी संशोधन संस्था. मेलनबी स्वतः शांततावादी नव्हता, पण या मंडळींबद्दल त्याला मनापासून आदर होता आणि तो पुस्तकभर जाणवतो.

प्रयोग ऐकायला किळसवाणे आहेत, पण त्यांची रचना फार स्वच्छ आहे. खरूज झालेल्या सैनिकांनी वापरलेले, न धुतलेले आतले कपडे या तरुणांनी दिवसेंदिवस घालायचे. रुग्णांनी पांघरलेल्या ब्लँकेटांत उघड्या अंगाने झोपायचं. रुग्ण उठून गेला की त्याच्या अजून गरम असलेल्या बिछान्यात शिरायचं. आणि वाट बघायची. आठवडे गेले. कुणाला काही होईना. या धर्तीच्या प्रयोगांचा हिशेब आजही खरजेवरच्या वैद्यकीय लिखाणात दिला जातो: २७२ प्रयत्न, लागण झाली फक्त ४ वेळा.

मग त्यांनी दुसरी बाजू तपासली. स्वयंसेवकाने खरूज असलेल्या माणसाशेजारी, एकाच बिछान्यात, उघड्या अंगाने रात्री काढायच्या. इथे लागण झाली.

म्हणजे घोंगडी निर्दोष होती, निदान बरीचशी. दोष कातडीला कातडी लागण्यात होता.

मराठीत ‘भिजत घोंगडं ठेवणं’ म्हणजे एखादी गोष्ट निकालात न काढता तशीच लोंबकळत ठेवणं. हे पुस्तक पहिल्यांदा वाचताना माझ्या डोक्यात तेच आलं, कारण शब्दशः तेच चाललं होतं. ब्लँकेटं भिजवली जात होती, आणि खरा प्रश्न तसाच पडून होता.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय या पुस्तकावर मला काय म्हणायचंय ते कळणार नाही. मास्टर्सचं पहिलं वर्ष, शेफिल्डच. हो, तेच शहर. ज्या घरात हे सगळं घडलं तिथून मी चालत जाण्याइतक्या अंतरावर राहत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पाच जणांचं भाड्याचं घर. नोव्हेंबरात खाज सुरू झाली, विशेषतः रात्री, अंग गरम झालं की. आधी वाटलं थंडीने कातडी कोरडी पडली. मग हीटरला दोष दिला. मग पाण्याला, कारण परदेशात आल्यावर केस गळण्यापासून अपचनापर्यंत सगळं आपण इथल्या पाण्यावर ढकलतो. (शेफिल्डचं पाणी मऊ आहे, हे नंतर कळलं.) आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “खोबरेल लाव गं, आणि ते जीन्स घालून झोपणं बंद कर.”

डिसेंबरात एका फार्मासिस्टने माझे हात उलटेपालटे करून बोटांच्या बेचक्यांत पाहिलं आणि हळू आवाजात, जणू ती माझंच गुपित मला सांगतेय अशा आवाजात, “स्केबीज” म्हणाली. एक क्रीम दिलं, एक पत्रक दिलं. घरी येऊन मी पत्रक वाचलं आणि धुवायला लागले. चादरी, टॉवेल, स्वेटर, मोजे, पडदेसुद्धा. ६० अंशांवर. एक लोकरीचा स्वेटर बाहुलीला येईल एवढा झाला. उरलेलं काळ्या पिशव्यांत बांधून पलंगाखाली ढकललं. खोलीत कुणी आलं तर म्हणायचं, “अगं, पसारा आवरतेय.” रात्री क्रीम लावून, कुणाला वास येऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवून डिसेंबरात झोपले.

सांगितलं कुणाला? कुणालाच नाही.

आणि सांगायचं होतं दोघांना. एक माझी घरातलीच मैत्रीण, जिच्याबरोबर मी थंडीत एका रजईत पायात पाय अडकवून रात्ररात्र सिरीज बघायचे. दुसरा, तेव्हा मी ज्याच्याबरोबर होते तो. त्याला आपल्याला इसब आहे असं वाटत होतं, आणि मला त्याच्या त्या इसबाचं बरंच होतं, कारण मला काही बोलावं लागत नव्हतं. जानेवारीत माझी खाज परत आली. मी परत सगळं धुतलं.

तर आता तो किडा नक्की काय करतो ते बघा. खरं म्हणजे तो किडा नाही, कोळ्याच्या गोतावळ्यातला आठ पायांचा माइट आहे, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात आडवं बीळ करत जाते आणि अंडी घालत जाते. तिला उडता येत नाही, उड्या मारता येत नाहीत. ती चालते, आणि चालते हळू. म्हणून नुसत्या हस्तांदोलनाने किंवा लोकलमध्ये दांड्याला हात लागल्याने सहसा खरूज होत नाही. लागतो तो निवांत, लांबलेला स्पर्श: हातात हात घेऊन बसणं, एका अंथरुणात झोपणं, लहान मुलाला तासन्‌तास कडेवर घेणं, संभोग. माणसाच्या अंगापासून दूर, घरातल्या साध्या तापमानाला ती दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा टिकत नाही, आणि नवीन कातडीत शिरण्याची ताकद तर त्याच्या आधीच गमावते.

मेलनबीने ८८६ सैनिकांच्या अंगावरचे माइट अक्षरशः सुईने उचलून मोजले. सरासरी काय निघाली माहितेय? एका माणसामागे अकरा-बारा पूर्ण वाढलेल्या माद्या. निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगावर पाच किंवा त्याहून कमी. त्यातल्या जवळपास ६३ टक्के हातांवर आणि मनगटांवर. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. त्या हिवाळ्यात मला वाटत होतं की माझं अख्खं अंग वळवळतंय, गादी वळवळतेय, भिंत वळवळतेय. आणि होत्या बहुधा डझनभर. एवढ्या माझ्या एका हाताच्या बेचक्यांत मावल्या असत्या.

खाज माइटची नसतेच, ती आपल्या शरीराच्या प्रतिक्रियेची असते, आणि ही प्रतिक्रिया उशिरा येते. हे सॉर्बीतल्या स्वयंसेवकांवर फार नीट दिसलं, कारण त्यांच्यातल्या काहींनी महिनोन्‌महिने उपचार न घेता खरूज अंगावर काढली. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी एकदा होऊन गेली असेल तर एक-दोन दिवसांतच. माझ्या दृष्टीने खरजेच्या प्रसाराबद्दल याहून महत्त्वाची गोष्ट नाही. ज्याला खाज नाही तोही महिनाभर खरूज देत फिरत असू शकतो. माझी मैत्रीण खाजवत नव्हती, म्हणून तिला नाही, असं मी स्वतःला समजावत होते. तो हिशेबच चूक होता.

‘खाजवून खरूज काढणं’ हा आपला वाक्प्रचार, मुद्दाम भांडण उकरून काढणं या अर्थाचा, शब्दशः घेतला तर उलटा आहे. खाजवल्याने खरूज निघत नाही. उलट खाजवण्यात काही माइट मरतात, आणि त्यांची संख्या एवढी कमी राहण्यामागे तेही एक कारण आहे. त्रास होतो तो नखांनी कातडी फुटून त्यात जिवाणू शिरल्याने. आणि भांडण? त्याकडे येतेच.

आता समीक्षा. मेलनबी लिहितो छान. गप्पिष्ट, हलका, स्वतःवर हसणारा सूर. शंभरेक पानं एका बैठकीत संपतात. त्या घरातलं खाणं, कामांची वाटणी, बाहेरच्या लोकांचे संशय, हे सगळं तो खुमासदार सांगतो. विज्ञान कसं चालतं हे शिकवायला मी विद्यार्थ्यांना हे पुस्तक देते, कारण यात एक समजूत डोळ्यांदेखत कोसळते. आणि तेही महागड्या उपकरणाने नाही, एका सुईने आणि मळक्या चड्ड्यांनी.

पण हाच सूर पुस्तकाची मर्यादाही आहे. महिनोन्‌महिने रात्री न झोपता खाजवत राहणारा माणूस या पुस्तकात विनोदी पात्र होतो. ते तरुण काय विचार करत होते, रात्री तीन वाजता त्यांना स्वतःच्या शब्दाचा पश्चात्ताप झाला का, घरी पत्रात त्यांनी काय लिहिलं, हे आपल्याला मेलनबीच्याच तोंडून कळतं किंवा कळतच नाही. त्यांच्यातला एक, वॉल्टर बार्टली, या प्रयोगांतूनच विज्ञानाकडे वळला आणि पुढे शेफिल्डमध्येच जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. म्हणजे बोलायला, लिहायला समर्थ माणसं तिथे होती. पण पुस्तकाला त्यांच्या आवाजाची गरज वाटली नाही. शीर्षकातच त्यांना गिनी पिग केलंय, लाडाने का होईना.

दुसरं म्हणजे, हे पुस्तक ज्या वर्षी आलं त्याच वर्षी नाझी छावण्यांतले प्रयोग जगासमोर यायला लागले. मेलनबी नंतर न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्याला ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’तर्फे हजर राहिला, आणि १९७३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्या विषयावरही लिहिलं. मिळाली तर दुसरी आवृत्ती वाचा, पहिलीतला निरागसपणा तिथे थोडा अडखळतो. शेफिल्डचे तरुण स्वतःहून आले होते आणि नाही म्हणू शकत होते, हा फरक मोठा आहे, तो पुसता कामा नये. पण ‘स्वतःहून’ या शब्दातही किती काय काय दडलेलं असतं, देशभर भित्रे म्हणून हिणवले जात असताना दिलेला होकार किती मोकळा असतो, हे विचारायचं काम त्याने वाचकावर सोडलंय.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. मेलनबीचा निष्कर्ष असा की खरूज पसरते जवळिकीतून. मग ती थांबवायची तर जवळिकीबद्दल बोलावं लागेल. कोण कुणाशेजारी झोपतं, कोण कुणाला मिठीत घेतं, आणि हे दुसऱ्याला सांगायचं कसं. त्याच्या समोर होते सैनिक, ज्यांना रांगेत उभं करून औषध लावता येत होतं. बेंझिल बेंझोएट अंगभर फासलं की झालं. सैनिकाला कुणाला फोन करून सांगायची गरज नव्हती, ते काम लष्कर करत होतं. तुमच्या-माझ्या भाड्याच्या घरात हे काम कोण करणार, हा प्रश्न त्या पुस्तकात नाही.

आणि तो माझ्या पत्रकातही नव्हता. ते पत्रक मी अजून जपून ठेवलंय. साहित्यकृती म्हणून वाचायचं तर त्याची क्रियापदं बघा: धुवा, वाळवा, बांधा, झाका, व्हॅक्यूम करा. अर्ध्याहून जास्त मजकूर कापडाबद्दल. आणि कातडीला कातडी लागणाऱ्या माणसांबद्दल एकच वाक्य, त्यांनीही उपचार घ्यावेत अशा अर्थाचं, कर्ता गायब असलेलं. त्यांना कोण सांगणार, हे त्या वाक्यात नाही. कपड्यांवर लिहिणं सोपं, कारण कपड्यांना लाज नसते. १९४१ मध्ये ज्या घोंगडीला निर्दोष ठरवलं तीच घोंगडी या पत्रकात परत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

फोटोंचंही तसंच. सगळे गोऱ्या कातडीवरचे, लालभडक पुरळ. माझ्या कातडीवर लाल काही दिसत नव्हतं. बारीक, कातडीपेक्षा गडद पुटकुळ्या होत्या, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी एक आखूड वाकडी रेघ. ती रेघ म्हणजे बीळ. आपल्यासारख्या सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली शोधू नका. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबीभोवती, स्तनाग्रांभोवती, जननेंद्रियांवर पुटकुळ्या आणि रेघा शोधा. आणि बरं झाल्यावरही काळे डाग काही महिने राहू शकतात, त्याला घाबरू नका.

पत्रकावर मी अन्याय करतेय का? थोडासा. मेलनबीचे स्वयंसेवक तरुण, धडधाकट होते आणि त्यांना झालेली खरूज साधी होती. खरजेचा एक दुसरा, भयंकर प्रकार असतो, ज्यात कातडीवर जाड खपल्या धरतात. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या, फार वृद्ध किंवा आजारी माणसांत तो दिसतो. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत कुष्ठरोग्यांमध्ये त्याचं वर्णन झालं म्हणून त्याला नॉर्वेजियन खरूज म्हणायचे. तिथे एका माणसाच्या अंगावर माइटांची संख्या हजारांत, कधी लाखांत जाते. गळणाऱ्या प्रत्येक खपलीत त्या असतात, आणि मग खुर्ची, चादर, टॉवेल सगळंच लागट होतं. एखाद्या वृद्धाश्रमात पसरलेल्या खरजेला मेलनबीचं पुस्तक दाखवून “धुवायची गरज नाही” म्हणणं हा शुद्ध गाढवपणा ठरेल. साध्या खरजेतही २७२ पैकी ४ म्हणजे शून्य नव्हे. म्हणून उपचाराच्या दिवशी, गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल एकदा गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते तीन-चार दिवस पिशवीत बांधून ठेवा. एवढं पुरे. माझी तक्रार धुण्याबद्दल नाही, प्रमाणाबद्दल आहे. धुण्यात दमून माणसाला वाटतं, आपण सगळं केलं.

माझ्या आजीकडे या बाबतीत जास्त शहाणपण होतं. हे सगळं शेवटी मावशीला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, त्यांच्या लहानपणी वाड्यात एका पोराला खरूज झाली की आजी सगळ्या पोरांना ओळीने उभं करायची, खाज असो-नसो, आणि खोबरेलात खललेला गंधक सगळ्यांना एकाच संध्याकाळी फासायची. गंधक हे काही नुसतं घरगुती खूळ नव्हे. त्याचं मलम तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी आजही वैद्यकीय पुस्तकांत आहे. पण खरी मेख ‘सगळ्यांना एकाच संध्याकाळी’ यात होती. मेलनबीने जे सिद्ध केलं, त्यावर आजीचा व्यवहार आधीच चालला होता.

अर्थात आजीच्या वाड्याचं गोडवे गाणं मी इथेच थांबवते. त्याच वाड्यात कपड्यांचं सोवळं होतं, आणि कुणाचा स्पर्श झाला तर काय विटाळतं याची यादी होती. आपल्या भाषेत स्पर्शाचे शब्दच असे बनलेत की संसर्ग म्हटलं की रोगाआधी माणसाची जात, गरिबी, ‘स्वच्छता’ डोळ्यांपुढे येते. खरजेला तर ‘घाणेरड्या लोकांचा रोग’ हेच लेबल लागलं. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याच्या अंगावरूनही माइट जात नाही, आंघोळीचं तिला काही वाटत नाही. ती दाटीवाटीत पसरते, आणि दाटी कुणाच्या वाट्याला येते हा स्वच्छतेचा प्रश्न नाही, जागेचा आणि पैशाचा आहे. वसतिगृहं, आश्रमशाळा, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या. आणि विद्यार्थ्यांची भाड्याची घरं.

जाता जाता हेही सांगते की खरजेचं कारण फार पूर्वीच सापडलेलं होतं. १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा माइट पाहून तोच खरजेचं कारण आहे असं लिहिलं. वैद्यकाने ते जवळजवळ दीडशे वर्षं बाजूला ठेवलं. मग १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेन्युची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने, आपल्या बेटावरच्या गरीब बायका सुईच्या टोकाने माइट उचलायच्या तसा तो उचलून दाखवला. बायकांना माहीत होतं, प्राध्यापकांना नव्हतं.

‘सगळ्यांना एकाच संध्याकाळी’चा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा हवा असेल तर फिजीच्या बेटांवरचा प्रयोग बघा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. काही बेटांवर फक्त रुग्णांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना नेहमीचे उपचार, काहींवर सगळ्या लोकसंख्येला पर्मेथ्रिनचं क्रीम, काहींवर सगळ्या लोकसंख्येला आयव्हरमेक्टिनची गोळी. वर्षभराने पहिल्या गटात खरूज साधारण निम्म्यावर आली, क्रीमच्या गटात ६२ टक्क्यांनी घटली, गोळीच्या गटात ९४ टक्क्यांनी. तिथे ब्लँकेटांची भट्टी कुणी पेटवली नव्हती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं. नाव उष्णकटिबंधाचं असलं तरी गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्येही ती वाढलीय, हे इथे शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

तर तुम्हाला झाली तर? क्रीम गळ्यापासून पावलांपर्यंत, एक बोटभरही जागा न सोडता. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांवर, पार्श्वभागाच्या फटीत. लहान मुलं आणि वृद्धांना चेहऱ्या-डोक्यालाही लावतात, ते फार्मासिस्टला विचारून. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच नको, अंग थंड आणि कोरडं असू दे. पर्मेथ्रिन आठ ते बारा तास ठेवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं, हे मी पहिल्या खेपेला केलं नव्हतं. सात दिवसांनी परत एकदा सगळं. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. ती मेलेल्या माइटांवर शरीर अजून चिडलेलं असतं त्याची, म्हणून रोज रोज क्रीम फासत बसू नका. घरातले सगळे आणि गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी शरीरसंबंध आला ते सगळे, खाज असो-नसो, त्याच दिवशी. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा तान्हं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सांगणं. मला जे सांगायला फेब्रुवारी उजाडला. आधी त्याला फोन केला. तो चिडला, खरूज झाली म्हणून नाही, दोन महिने त्याला इसबाचं मलम लावू दिलं म्हणून. खाजवून खरूज काढली म्हणतात तसं त्या रात्री आमचं बरंच काही उकरून निघालं, आणि त्यात त्याचं म्हणणं बरोबर होतं. मग घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. तुम्हाला उपयोगी पडला तर उचला, नाव बदला:

“मला स्केबीज झालीय. कातडीवरचा माइट असतो, जवळच्या स्पर्शातून जातो, घाणीमुळे होत नाही. खाज सुरू व्हायला महिना लागू शकतो, म्हणून आत्ता काही होत नसलं तरी तुम्हाला असू शकते. मी डिसेंबरपासून लपवलं, सॉरी. शनिवारी रात्री सगळ्यांनी एकदम क्रीम लावूया? फार्मसीत मिळतं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. हवं तर मी सगळ्यांसाठी आणते.”

आठ मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं की शनिवारी मॅच आहे, रविवारी चालेल का. आणि माझी मैत्रीण वरच्या मजल्यावरून ओरडली, “अगं, मला वाटलं मलाच झालीय! मी दोन आठवडे कसले मोजे उकळतेय!”